बुलीच्या वेळी वन्सं म्हणायचं नाही

हल्ली हॉकीचा सामना सुरू होतो तेव्हा शिट्टी वाजते आणि एक मुलगी चेंडू आपल्याच मैत्रिणीकडे ढकलते. आमच्या वेळी खेळ बुलीने सुरू व्हायचा. चेंडू मैदानाच्या मध्यावर ठेवायचा आणि दोन्ही संघांच्या मधल्या फॉरवर्ड मुलींनी त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर वाकून उभं राहायचं. एकदा स्टिक जमिनीवर टेकवायची, एकदा समोरच्या मुलीच्या स्टिकवर. असं तीनदा झालं की चेंडू जिला मिळेल तिचा. प्रत्येक गोलनंतर पुन्हा बुली, मध्यंतरानंतर पुन्हा बुली. ज्या संघाची मुलगी बुली मारते त्याचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं. हैदराबादेत मी मुलींना पुष्कळ वर्षं हॉकी शिकवली. पण त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की मला आधी आठवते ती बुली, आणि तिच्यात येऊन अडकलेली एक सोयरीक.

पोलीस अ‍ॅक्शन झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या मराठी मुलींच्या शाळेत पी.टी.ची नोकरी लागली. त्याआधीचं वर्ष मुलींनी दारं लावून घरात काढलं होतं, नाहीतर सोलापूर-बार्शीकडे मामा-मावशीच्या घरी. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा निम्म्या मुलींचं वय पुढे गेलेलं आणि इयत्ता मागे राहिलेली. मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या, "यांना जरा पळवा हो. बसून बसून आखडल्यात." मी म्हटलं, पळवते. त्या बिचाऱ्यांना वाटलं मी लंगडी खेळवीन.

हॉकी मला लहानपणापासून ठाऊक होती. वडील महसूल खात्यात होते आणि सुट्टीच्या दिवशी ते मला पलटणींचे सामने बघायला घेऊन जात. पुढे वऱ्हाडात व्यायामशिक्षणाचा वर्ग केला तेव्हा स्वतः खेळले. आता निजामाच्या पलटणी मोडीत निघाल्या होत्या आणि त्यांच्या स्टिका भंगारवाल्याकडे भाल्यासारख्या रचून ठेवलेल्या मला दिसल्या. मी सगळ्या उचलल्या. पुरुषी मापाच्या त्या, आमच्या मुलींच्या छातीपर्यंत येणाऱ्या. गल्लीतल्या सुताराला बसवून त्यांच्या मुठी कापून घेतल्या. सुतार म्हणाला, "बाई, पोरींना काठ्या द्यायलात, पुढं नवऱ्यांचं कसं व्हायचं?" मी म्हटलं, तुझ्या मुलीलाही पाठव, जावयाची काळजी नको करूस. त्याने खरंच पाठवली.

शाळेला मैदान नव्हतं, नुसतं शहाबादी फरशीचं आवार होतं. फरशीवर खरा चेंडू असा सुटायचा की थेट ऑफिसात. म्हणून मी चिंध्यांचा चेंडू केला, वर सुतळी गुंडाळली, आणि पावसाळाभर त्यावरच शिकवलं. सगळ्यांत त्रास झाला तो डाव्या हाताचा. हॉकीत स्टिकच्या टोकाशी डावा हात असतो आणि स्टिक फिरवायची ती त्यानेच. उजव्या हाताने नुसता आधार द्यायचा. पण आमच्या घरांत डाव्या हाताला कसला मान? प्रसाद घ्यायचा उजव्याने, दान द्यायचं उजव्याने, वाढायचं उजव्याने. मुलींचा डावा हात पुढे यायलाच लाजायचा. मी ओरडायची, "डावा मालक, उजवा गडी!" एका मुलीच्या आजीने शाळेत येऊन विचारलं की बाई पोरींना हे काय शिकवतात, घरी पोरगी डाव्या हाताने ताटं उचलायला लागलीय. मी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि नातीचा खेळ दाखवला. जाताना त्या म्हणाल्या, "मग पळताना तरी पदर खोचायला सांगा." तेवढं मी मान्य केलं. मी स्वतः नऊवारीचा काष्टा घट्ट मारून पळत असे. त्याच्याइतका सोयीचा पोशाख पुढे ट्रॅकसूट आल्यावरही मला मिळाला नाही.

माझा स्वभाव तापट. आजही आहे. चूक झाली तर मी ओरडत असे, पण चुकीचं मला वाईट वाटत नसे. राग यायचा तो मुलगी अंग चोरून खेळली की. आणि मुद्दाम हरणं तर मला खोटं बोलण्यासारखंच वाटायचं.

माझी सेंटर फॉरवर्ड अंग चोरणारी नव्हती. सोळा वर्षांची, परभणीकडच्या कुणब्याची मुलगी. वडिलांनी शेत भावाकडे देऊन शहरात धान्याची आडत घातली होती. गडबडीचं वर्ष तिने सोलापूरला मामाकडे काढलं आणि त्यापायी तिची इयत्ता बुडाली, म्हणून ती अजून नववीत होती. मनगटं अशी की बुलीच्या तिसऱ्या ठोक्याला समोरचीने डोळा मिटून उघडावा तोवर चेंडू हिच्या मागे पोचलेला. पहिल्याच महिन्यात तिने मला विचारलं, "बाई, पी.टी.ची बाई व्हायला किती शिकावं लागतं?" मी सांगितलं, मॅट्रिक आणि वर एक वर्ष. ती म्हणाली, "मग मी होणार." मनाशी हिशेब पक्का करून ती पुन्हा पळायला गेली. मॅट्रिक व्हायचं आणि हेच काम करायचं, याशिवाय तिने माझ्याजवळ दुसरं काही कधी मागितलं नाही.

दसऱ्यानंतर आम्ही दर शनिवारी सकाळी काचिगुड्यावरून चालत चिक्कडपल्लीला जाऊ लागलो. तिथल्या मुलींच्या शाळेला खरं मैदान होतं आणि त्यांचाही संघ नवाच होता. मराठी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या मुली त्यात होत्या. पंच होते निजामाच्या फौजेतून निवृत्त झालेले एक वयस्क मियाँ. तरुणपणी स्वतः नावाजलेले खेळाडू. पांढरी दाढी, पांढरी शेरवानी आणि पायात मात्र खेळाडूचे बूट. त्यांना चहा दिला तरी ते आधी मुलींना पाणी मिळालं का विचारत.

चिक्कडपल्लीची सेंटर फॉरवर्ड एका वकिलाची मुलगी, पंधरा वर्षांची. वकिलांची शेती नांदेडकडे, पण दोन पिढ्या शहरात गेलेल्या, म्हणून मुलीची मराठी निम्मी दखनी. तिची आणि आमच्या मुलीची बुली म्हणजे नुसती धमाल. "ए, पाय काढ गं!" "ए, तू काढ!" असं चालायचं. सामना संपला की दोघी एकाच घड्यातलं पाणी पीत भांडायच्या की तिसरा ठोका नीट पडला होता की नव्हता. आमची मुलगी बहुतेक बुल्या मारायची, पण ती दुसरी काही हार मानणारी नव्हती.

तुळशीचं लग्न झालं आणि आठ दिवसांत बातमी आली की आमच्या मुलीची सुपारी फुटली. मुलगा वकिलांचा. म्हणजे त्याच चिक्कडपल्लीच्या सेंटर फॉरवर्डचा भाऊ. मैदानावरच्या ओळखीतूनच दोन्हीकडच्या बायका बोलायला लागल्या होत्या म्हणे. लग्न वैशाखात ठरलं. मुलगा चांगला होता, सरकारी नोकरीत लागला होता, कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मुलीला मी विचारलं, तुला पसंत आहे का? ती लाजून हसली, म्हणजे होता. मग तिने हळूच विचारलं, "लग्नानंतर शाळेत येऊ देतात का हो बाई?" उत्तर दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी चिक्कडपल्लीला पहिली बुली. चेंडूवर वाकून आमची मुलगी समोरच्या मुलीला म्हणाली, "वन्सं, तुम्ही सुरू करा."

मला वाटलं मस्करी करतेय. गेल्या शनिवारपर्यंत जिला 'ए गं' म्हणत होती तिला एकदम वन्सं आणि तुम्ही! ठोके पडले आणि चेंडू आरामात त्या मुलीकडे गेला. दुसरी बुली तशीच, तिसरीही तशीच. आमची मुलगी बाकी सगळ्यांशी वाघासारखी खेळत होती, पण होणारी नणंद समोर आली की बाजूला व्हायची आणि वाट द्यायची. लग्नघरात जसं मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना आधी पानावर बसवायचं असतं तसं तिने चेंडूचं करून ठेवलं. आम्ही हरलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पंच माझ्याजवळ आले. नेहमीच्या अदबीने म्हणाले, "बाईसाब, आपकी बच्ची बुली कहाँ कर री? सलाम कर री."

मी तिला तिथेच झाडलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली, डोळ्यांत पाणी. मग संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने मला पाट दिला, पोहे केले आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हारली तर काय बिघडलं, बाई?" ती म्हणाली. "पोरीला तिथं जन्म काढायचाय. व्याह्यांच्या पोरीच्या हातातून काही हिसकून घेतलं अन् उद्या बोल लागला, तर तुम्ही येणार का निस्तरायला?"

माझंही सासर होतं. तिचं म्हणणं मला पटलं नाही, पण भीती कळली. पोहे संपवून मी निघाले.

तरी मी गप्प बसणारी नव्हे. सोमवारी मी संघाला गोळा केलं आणि नवा नियम सांगितला. आठवडाभर सेंटर फॉरवर्डने प्रत्येक मुलीला वन्सं म्हणायचं आणि वन्सं म्हणून झालं की तिच्याकडून चेंडू काढून घ्यायचा. मुलींना एवढं हसू आलं की पहिला अर्धा तास वायाच गेला. गोलकीपर मुलीने तर पदर डोक्यावर घेऊन "अगं सूनबाई, जपून!" असं म्हणायला सुरुवात केली. पण हळूहळू जमलं. शुक्रवारी आमची मुलगी "वन्सं, जरा येते हं" म्हणून सरळ चेंडू पळवायला लागली. मी खूश झाले. शनिवारी खरी वन्सं समोर आली आणि सगळं शिकवलेलं मुसी नदीत वाहून गेलं.

त्या वर्षी पहिला प्रजासत्ताक दिन येत होता आणि त्यानिमित्ताने दोन्ही शाळांनी मिळून एक चषक ठेवला होता. सामन्याच्या आठवड्यात चिक्कडपल्लीची ती मुलगी एकटीच आमच्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. नाक लाल, डोळे लाल.

"बाई, वैनीला सांगा ना," ती म्हणाली. "आमच्या वर्गातल्या पोरी हसायल्यात मला. तेरी भाभी तेरेकू भीक दे री कहते. मी पहिलेबी जिंकायचे ना कधी कधी? आता कोणीच मानंना."

मला तिचा भयंकर पुळका आला. तोपर्यंत मी फक्त माझ्याच मुलीचं नुकसान बघत होते. या पोरीचं तर सगळंच गेलं होतं. तिने स्वतः जिंकलेलंही आता तिचं राहिलं नव्हतं. मी तिला सांगितलं, "मी सांगून दमले. आता तूच काय ते कर."

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला लिंबाखाली बायकांसाठी सतरंज्या घातल्या होत्या. पुढे खुर्चीवर वकिलीणबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई. उंच, भरदार बाई, रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की बोलल्या की कावळे उडावेत. त्यांच्या शेजारी आमच्या मुलीची आई अंग आक्रसून बसलेली.

पहिली बुली. "वन्सं, घ्या." चेंडू गेला आणि थोड्या वेळात त्यांचा गोल झाला. दुसरी बुली. "वन्सं..." आणि तिने स्टिक टेकवायच्या आधीच समोरच्या मुलीने आपली स्टिक जमिनीवर आपटली.

"मी नाही खेळत!"

पंच धावत आले. "क्या हुआ, अम्मा?"

"हिला सांगा, मला ए म्हण म्हणावं. ए म्हटल्याबगैर मी बुली करणार नाही."

पंचांना काही समजेना. चाळीस वर्षांत त्यांनी पाय मोडलेले पाहिले होते, दात पडलेले पाहिले होते, पण असली तक्रार त्यांच्यापुढे आली नव्हती. आमची मुलगी लिंबाखाली बघत होती. खुर्चीवर होणारी सासू, शेजारी आई. आईने डोळ्यांनीच नको म्हटलं. मीही शिट्टी हातात धरून उभी. मला बोलायचा हक्क नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

तेवढ्यात वकिलीणबाईंचा आवाज आला. "म्हण गं बाई एकदाची! ऊन तापायलंय!"

सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. आमच्या मुलीने एक मोठा श्वास घेतला, पदर पुन्हा खोचला आणि वाकली. "ए," ती म्हणाली, आधी पुटपुटल्यासारखं आणि मग मोठ्याने, "ए, पाय काढ गं!"

एक, दोन, तीन, आणि चेंडू नणंदेच्या दोन पायांमधून मागे. पुढचा तासभर त्या दोघी ज्या खेळल्या, तसा खेळ मी मुलींकडून त्याआधी पाहिला नव्हता. धूळ, ओरडा, ढकलाढकली. वन्संचा गुडघा फुटला, वैनीची बांगडी फुटली. शेवटी आम्ही एका गोलने जिंकलो. मी नाचायचीच राहिले होते.

नणंदबाई मैदानात बसून भोकाड पसरून रडल्या. मग उठल्या, नाक पुसलं, सरळ आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हिला हरवल्याबगैर मी करवली होणार नाही!"

करवली म्हणजे नवऱ्या मुलाची बहीण, लग्नात कऱ्हा घेऊन त्याच्या पाठीशी उभी राहणारी. मुलाला ही एकच बहीण. ती रुसून बसली आणि चुलत-मावस कुणाला उभं केलं, तर गावभर चर्चा. वकिलीणबाईंनी आधी धपाटा घातला, मग समजूत काढली, मग वकीलसाहेबांनी समजूत काढली. पोरगी बधली नाही. आठवड्याने निरोप आला की लग्न आता पुढच्या वर्षी, चषकाच्या सामन्यानंतर, तोवर मुलीला शाळेत जाऊ द्या, घरी बसून काय करायची! आमची मुलगी धावत माझ्याकडे आली आणि धापा टाकत म्हणाली, "बाई, दहावीत जायला मिळणार!" मीही रडले. आनंदाने रडायचं मला तोपर्यंत काही माहीत नव्हतं.

ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यांत सुखाचं. शाळेच्या दारावरची उर्दू पाटी जाऊन मराठी आली होती, कवायतीचे हुकूम कोणत्या भाषेत द्यायचे यावर शिक्षकांच्या खोलीत रोज वाद होत होते, आणि मी माझी आवारात मुलींबरोबर पळत होते. लहान मुलींचा एक गट मी सेंटर फॉरवर्डकडे सोपवला. ती माझ्याहून चांगली शिकवायची, कारण ती ओरडत नसे. एखाद्या मुलीचा डावा हात स्टिकवर बसेना तर ती तिच्यामागे उभी राहून आपला हात त्यावर ठेवायची आणि नुसती चालायची, आवारभर, हात न काढता. सकाळी हे आणि संध्याकाळी मॅट्रिकचा अभ्यास.

तिकडे नणंदही झपाटलेली. वकिलीणबाई बाजारात भेटल्या की गाऱ्हाणं सांगायच्या, "तुळशीच्या कट्ट्याचे टवके काढलेत हो हिनं. चेंडू आपटून आपटून डोकं उठवलंय." पण सांगताना चेहऱ्यावर कौतुक असायचं. शनिवारच्या सामन्यांत ती आता बरोबरीत बुल्या मारायला लागली होती, आणि जानेवारीपर्यंत तर जास्तच. खऱ्या, आपल्या हाताने मारलेल्या.

मग अडचण उभी राहिली. वकिलांकडून निरोप आला की चषकाचा सामना झाला की फाल्गुनातला मुहूर्त. मॅट्रिकची परीक्षा होती चैत्रात.

मी चिक्कडपल्लीला वकिलीणबाईंच्या घरी गेले. एवढी गोड मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. म्हटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, वैशाखात करा. त्यांनी मला बत्तासे आणि पाणी दिलं.

"बाई, पोरीच्या हट्टापायी एक वर्ष थांबलो," त्या म्हणाल्या. "आता आजोबांना नातसून बघायचीय. त्यांचा काय भरवसा? अन् लग्न झालेली सून परीक्षेला बसती का कुठं?"

"आणि मुलगी सामना हरली तर? करवली व्हायची नाही म्हणाली होती ना?"

त्या मोठ्याने हसल्या. "हारती कशाला? वर्षभर बघायले मी. अन् हारलीच तर बघू. पुन्हा हट्ट धरून बसली तर समजूत काढण्यातच फाल्गुन जाईल, मग वैशाखाशिवाय इलाजच नाही."

पोरगी दाराच्या चौकटीला टेकून स्टिकची मूठ दोरीने बांधत होती. तिने वर पाहिलंही नाही.

मी परत येताना काचिगुड्यापर्यंत मनात भांडत आले. आमच्या मुलीला मी काही सांगू शकत नव्हते. तिला जिंकावंच लागणार होतं, आणि समोरची तिच्याहून चांगली झाली होती. हे माझ्याइतकं तिलाही कळत होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी तिने पुस्तकं फडक्यात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "हारले तर शाळेतल्या कुणाला द्या, बाई," म्हणाली. मी तिला जोरात ओरडले आणि पुस्तकं परत घरी न्यायला लावली.

सामना असा झाला की पंच दोनदा शिट्टी वाजवायची विसरून नुसते बघत राहिले. शेवटची काही मिनिटं उरली आणि बरोबरी झाली. गोलनंतरची बुली. आता जिला चेंडू मिळेल तिचा संघ जिंकणार, हे लिंबाखालच्या बायकांनाही कळलं होतं. दोघी वाकल्या. कुणी वन्सं म्हटलं नाही, कुणी ए म्हटलं नाही.

मी कडेला अगदी जवळ होते. एक ठोका, दुसरा ठोका. वकिलांच्या मुलीची स्टिक बरोबर जागी होती, नजर चेंडूवर होती. तिसऱ्या ठोक्याला तिचं वजन पुढच्या पायावरून टाचांवर गेलं. हे बघणाऱ्याला दिसत नाही, पण मी हेच शिकवण्यात दिवस घालवले होते. टाचांवर उभी राहिलेली मुलगी चेंडू घेऊ शकत नाही. आमच्या मुलीने तो काढला, पुढे पळाली, आणि गोल झाला.

आमच्या मुलींनी तिला खांद्यावर घेतलं. तिची आई लिंबाखाली पदराने डोळे पुसत होती, तिलाही आता पोरगी जिंकलेलीच हवी होती. वकिलीणबाई कपाळाला हात लावून "वैशाख, वैशाख!" असं पुटपुटत होत्या. हरलेली मुलगी या खेपेला रडली नाही. घड्यातलं पाणी तोंडावर मारत ती एकटीच उभी होती. मी तिच्याजवळ गेले.

"सोडलास ना मुद्दाम?" मी विचारलं. माझा आवाज चढलेलाच होता. तसा तो सवयीने चढतो.

तिने इकडे तिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली. "बाई," ती म्हणाली, "चैत्रात वैनीची मॅट्रिक हाय ना. फाल्गुनात तिला घरी आणून मी काय करू?"

मी इतकी वर्षं मैदानावर काढली. मुद्दाम हरलेल्या मुलीच्या पाठीवर मी एकदाच हात ठेवला, तो तिच्या.